वार सांगितला, तिथी नाही

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही — आणि बहिणीपासून मी सहसा काही लपवत नाही. मला रडगाणं आवडत नाही, म्हणून दोन वाक्यांत सांगून मोकळी होणार होते. पण दोन वाक्यांत सांगितलं की ती कचेरीतली एखादी चूक वाटते. ती चूक नव्हती.

मी पनवेलला राहते, रस्त्यांच्या सर्वेक्षणाचं काम करते. रस्ता रुंद करायचा तर आधी तिथून काय जातं-येतं ते मोजतात — गाड्या, आणि माणसंही. गव्हाणच्या बाजूला इतके रस्ते झाले, की मोजायला आलेल्यांकडे आता कुत्रंसुद्धा मान वर करून बघत नाही.

तिथलंच खाडीकाठचं एक गाव. नाव नाही घेत. घरं रस्त्याच्या एका अंगाला, खाडी दुसऱ्या अंगाला. रस्ता मोठा होणार, जासईकडचे कंटेनरचे ट्रेलर तिथून धावणार, मधे भिंत येणार. गावाचं मागणं एकच होतं — माणसांना खालून जायला बोगदा. बायका खाडीत उतरायच्या. चिंबोऱ्या, निवट्या, कालवं आणायच्या, आणि कितीतरी घरं त्यावर चालायची. पुरेशी माणसं रस्ता ओलांडताना दिसली, तरच बोगदा मिळणार होता.

त्यासाठी सगळ्यात जास्त चपला झिजवल्या त्या सरपंचाने. नाव दामोदर, पण गाव त्याला दामूशेठ म्हणायचं — थट्टेने, कारण शेठ म्हणावं असं त्याच्याकडे काही नव्हतं. जागा पाहायला गेले की त्याची बायको सुगंधा मला जेवल्याशिवाय सोडायची नाही. तिच्या हातचं चिंबोरीचं कालवण मी मागून घेऊन खाल्लेलं आहे. हेही सांगायला हवं ना?

माझं माहेर करंजाचं. बंदरावर वाढलेल्या मुलीला पाणी शिकवावं लागत नाही. पुनवेला, अमावास्येला उधाण — पाणी खूप चढतं आणि तितकंच लांब ओसरतं. चिखल उघडा पडतो, बायका टोपल्या घेऊन निघतात. अष्टमी-नवमीला भांग — पाणी धड भरत नाही, धड ओसरत नाही. त्या दिवसांत खाडीत कोण जातंय? खाडीकाठच्या घराघरांत हे माहीत असतं. आमच्या कचेरीत ते फक्त मला माहीत होतं. कचेरीचा नियम एवढाच, की मोजणी कामाच्या दिवशी घ्यावी.

दिवस मी ठरवला. गुरुवार. त्या दिवशी नवमी होती.

कोणी सांगितलं होतं का? नाही. साहेब फक्त म्हणाले होते, पावसाआधी हे हातावेगळं झालं तर बरं. बोगदा आला असता तर रस्त्याची उंची बदलली असती, सगळे नकाशे पुन्हा, मंजुऱ्या पुन्हा. आणि मी कामं हातावेगळी करणारी बाई — ती ओळख मला फार प्यारी होती. भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर तिथी होती. मी ती पाहिली, आणि पाहून दिवस ठरवला.

दिवसभरात रस्ता ओलांडणारं जवळजवळ कोणी दिसलं नाही. बोगदा वगळला गेला.

मग गावात सभा झाली. मला स्टेजवर खुर्ची होती. पुढे बसलेल्या बायकांमधून एक म्हातारी उठून दामूशेठला म्हणाली, "बोगदा गिललास ना रं दामू? मंग ढेकर तरी दे." सगळा मांडव हसला. तो हात जोडून उभा होता. मी — मी काय केलं? मीही हसले, थोडंसं.

पुढच्या आठवड्यात तो कचेरीत आला. चहा घेतला नाही. "ताई, मोजनी कंच्या दिशी केलती?"

"गुरुवारी," मी म्हटलं. "कामाचाच दिवस होता, भाऊ."

त्याला तिथी हवी होती. मी वार सांगितला. तिथी सांगितली असती तर त्याच्या ध्यानात यायला क्षण लागला नसता. "मंग आमच्याच बायका नाय गेल्या आसतील," तो म्हणाला आणि उठला. जाताना मला नमस्कार केला.

रस्ता झाला. बायका मधल्या भिंतीवर चढून पलीकडे जाऊ लागल्या — दुसरीकडून जाणार कुठून? सुगंधा टोपली घेऊन भिंतीवरून उतरत होती, तेव्हा ट्रेलरखाली गेली. गाव म्हणालं, बोगदा विकला आणि बायको घालवली. दामूशेठला लग्नाची, हळदीची आमंत्रणं येईनाशी झाली. पुढे तो घर बंद करून मुलीकडे करंजाला गेला. माझ्याच माहेरी. तेव्हापासून मी माहेरी कमी जाते, आणि सगळ्यांना कामाचं कारण सांगते.

यंदा त्याच रस्त्याचं पुन्हा रुंदीकरण निघालं. पुन्हा मोजणी. आता दिवस ठरवण्याचा अधिकार पूर्ण माझाच. मी अमावास्या घेतली, उधाणाची. स्वतः सकाळपासून रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसले. पाणी लांबवर ओसरलं, चिखल चकाकत उघडा पडला.

कोणी आलं नाही.

भिंतीच्या भीतीने बायकांनी खाडी केव्हाच सोडली होती. आता त्या उलव्याच्या सोसायट्यांत धुणीभांडी करायला जातात, रिक्षाने. बोगद्याची गरज नाही, असं मी तेव्हा लिहिलं होतं. आता ते खरं झालंय. यावेळची मोजणी चोख आहे. मी सही करून पाठवली.

दुपारी टपरीवर पाणी मागितलं. टपरीवाली बाई खाडीकडे बघत म्हणाली, "तवा दामूनं बोगदा इकला नसता, तर आमी अजून गेलो असतो."

मी पेला खाली ठेवला. अजून थोडं पाणी मागितलं.