डावीकडची जागा

मुलगी कॉलेजात जायला लागली तशी माझी स्कूटी तिची झाली आणि तिची शाळेतली सायकल माझ्या वाट्याला आली. नवरा म्हणाला, मी सोडत जाईन. त्याची कंपनी अंबडला, माझी सातपूरला. आठवडाभर त्याने सोडलं. त्यात दोघांनाही लेटमार्क लागले आणि एकदा तर संध्याकाळपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मग मी सायकल पुसली, पुढच्या बास्केटात डबा ठेवला आणि निघाले.

आमचं घर मखमलाबादला, मळ्यात. सकाळी मी निघायचे तेव्हा मोठे दीर झेंडू आणि मेथी मार्केटला टाकून परत येत असायचे. रिकाम्या टेम्पोतून ओल्या मेथीचा वास बांधावर रेंगाळायचा. नदीकडे उतार आहे. तिथे पाय हलवावे लागायचे नाहीत, पाण्याचा गारवा बाह्यांतून आत शिरायचा आणि पूल संपेपर्यंत मला वय नसायचं. पुढे गंगापूर रोड. तिथे खोदलेला रस्ता, शाळेच्या व्हॅन, मागून हॉर्नने ढकलणाऱ्या कंपन्यांच्या बसेस. ओढणी एकदा साखळीत गेली तेव्हापासून मी ती कमरेला बांधायला लागले. कंपनीत सायकल लावायला जागाच नव्हती, मोटारसायकलींच्या रांगेत ती रोज कुणीतरी उचलून भिंतीला टेकवायचं. लॅबमधल्या बायका विचारायच्या, वजन कमी करताय का. घामाचा कुर्ता बदलून मी कामाला लागायचे आणि मनातल्या मनात अजून उतारावरच असायचे.

त्याच वाटेवर मला ते भेटले. मी त्यांना काका म्हणायचे.

बारदान फाट्याला माझी चेन पडली होती. सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ काळ्या उंच सायकलवरून उतरले. अंगात इस्त्रीचा खाकी शर्ट, डोक्यात कानटोपी, कॅरियरला डबा. काही न विचारता त्यांनी माझी सायकल स्टँडला लावली, दोन बोटांनी चेन बसवली, सीटखालच्या फडक्याला हात पुसले आणि म्हणाले, चल, लेट होईल. आम्ही वर्षानुवर्षं बरोबर जातो असा तो सूर होता. मी त्यांच्या मागे निघाले.

दुसऱ्या दिवशी ते फाट्यावर एक पाय जमिनीला टेकवून उभे होते. माझ्यासाठी थांबलेत असं वाटून मला बरं वाटलं. मी जवळ पोचले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, आणि उभेच राहिले. थोड्या वेळाने "आला," असं पुटपुटून त्यांनी पायडल मारलं. मागून एक दूधवाला गेला होता. त्यालाच म्हणाले असतील, असं मी धरून चालले.

त्यांची एक सवय मात्र लगेच लक्षात आली. ते कधी रस्त्याच्या कडेने जायचे नाहीत. कडेला एक सायकल मावेल एवढी जागा सोडून आतून चालवायचे, बसवाले शिव्या द्यायचे, तरी हलायचे नाहीत. एकदा काहीतरी बोलायचं म्हणून मी त्या जागेत सायकल घातली. त्यांनी मान वळवली आणि रागावून नाही, अगदी समजावल्यासारखं सांगितलं.

"तिथे नको. मागे राहा. तिथे हा आहे."

त्यानंतर मी मागेच राहिले आणि मला ऐकू यायला लागलं. ते डावीकडे बघून बोलायचे. कॅन्टीनच्या रश्शात आज पुन्हा पाणीच असेल. फोरमनच्या नादाला लागू नकोस. तुझ्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन कसं झालं. मध्ये थांबायचे, उत्तराला लागतो तेवढा वेळ, आणि मग हसायचे किंवा मान हलवायचे. मला भीती वाटली असं म्हणवत नाही. डावीकडे बघायचं नाही एवढंच मी ठरवलं, आणि ठरवल्यापासून मान आपोआप तिकडेच वळायला लागली. कडेला धूळ, गाजरगवत, चहाचे चिरडलेले कप. बाकी काही नसायचं.

एके दिवशी मी माझ्या कंपनीच्या गल्लीत न वळता त्यांच्या मागे गेले. ते एका बंद कारखान्यासमोर उतरले. गेट गंजलेलं, आत रुईची झुडपं माजलेली, भिंतीतून पिंपळ फुटलेला, पाटीवरची अर्धी अक्षरं गळलेली. प्लास्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारा वॉचमन बसला होता. तो उठून उभा राहिला. काकांनी खिशातला पास काढून दाखवला. त्याने तो नीट पाहिला आणि म्हणाला, "काका, आज लाईट नाय. शिफ्ट बंद हाय. घरी जा."

काकांनी मान डोलावली. डावीकडे बघून म्हणाले, चल, सुट्टी मिळाली. आणि शाळा सुटल्यासारखे सायकल वळवून निघून गेले.

मी वॉचमनला विचारलं. तो नांदगावकडचा, तरुणपणापासून याच गेटवर. कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती, राखणीला तेवढा तो उरला होता. काका रोज येत्यात, तो म्हणाला, आणि मी रोज लाईट घालवतो. हसला नाही. मग त्याने दुसऱ्या माणसाचं सांगितलं. काका आणि त्यांचा एक जोडीदार एकाच दिवशी कामाला लागले होते. कायम बरोबर यायचे, तो कडेने आणि काका आतून. एकदा काकांना घरून निघायला उशीर झाला. जोडीदार फाट्यावर थांबला होता म्हणतात, पण मग एकटाच पुढे गेला. नाल्याजवळच्या वळणावर त्याला ट्रकने उडवलं. काका मागून आले तेव्हा लोक जमलेले होते.

"त्या दिवशीबी काका ड्युटीवर आले," वॉचमन म्हणाला. "कार्ड पंच केलं, मशीनवर जाऊन उभे राहिले. कुणाला काय बोलले नाय. लय वेळानं बातमी आत आली, तवा लोकांनी त्यांना घरी नेलं."

त्या रविवारी मी वॉचमनकडून पत्ता घेऊन काकांचं घर शोधून काढलं. सुनेने दार उघडलं. तिला सगळं माहीत असेल असं मला वाटत होतं, पण तिला आजारच तेवढा माहीत होता. डॉक्टरांनी विसरण्याचा आजार म्हणून सांगितलं होतं. एकदा घरच्यांनी सायकलला कुलूप लावून पाहिलं, तर काका डबा मांडीवर घेऊन दुपारपर्यंत फाटकाशी बसले, डबा उघडला नाही. रस्ता आठवतोय तोवर जाऊ द्या, असं मग घरात ठरलं. तिने मला चहा दिला आणि कंपनीच्या गेटपर्यंत लक्ष ठेवाल का म्हणून विचारलं. मी हो म्हणाले.

तेव्हापासून मी घरून लवकर निघायला लागले. त्यांचा वेग माझ्याहून कमी होता, चढावर तर ते उतरून चालायचे आणि मलाही उतरावं लागायचं. कधी वैताग यायचा. पण सकाळचं कोवळं ऊन त्यांच्या पाठीवरच्या खाकी कापडावर पडायचं, ते कुणाला तरी काहीतरी सांगत असायचे, आणि मला त्या बोलण्याची सवय झाली. सुट्टीच्या दिवशी मळ्यात निंदायला बसले की चुकल्यासारखं व्हायचं. जोडीदाराच्या आईचे डोळे, त्याची एक न जमलेली सोयरीक, घराच्या दारातला पेरू, हे सगळं मला ठाऊक झालं होतं. माणूस तेवढा मी पाहिला नव्हता.

मग जानेवारीतली ती सकाळ. नदीपासून थेट सातपूरपर्यंत धुकं होतं. मी नवऱ्याचं जाकीट घातलं होतं, तोंडाला मफलर, डोक्याला टोपी. पुढे काका, त्यांची पाठसुद्धा मधूनच दिसायची. एका कंपनीची लांब भिंत लागते, तिथे मी पायडल थांबवलं. चाक सुटं फिरतं तेव्हा टिकटिक वाजतं, ती माझी टिकटिक होती. पुढे काकांची होती. आणि आणखी एक होती. मी ब्रेक दाबला, माझी थांबली. काकांची पुढे गेली, आणि तिच्या बाजूने ती दुसरी, जरा सावकाश. भिंतीवरून आवाज परत येतो, हे मी स्वतःला तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगते.

नाल्याजवळच्या वळणावर काका थांबले. मी जवळ गेले. त्यांनी मागे वळून पाहिलं, पहिल्यांदाच, डावीकडे नाही, सरळ माझ्याकडे.

"त्या दिवशी थांबला का नाहीस?"

ते कुणाला विचारतायत हे मला लगेच कळलं. काका, मी हो, मखमलाबादची, असं म्हणायला मी तोंडावरचा मफलर खाली ओढायला गेले, पण हात तिथेच राहिला. किती वेळा दार वाजवून परत गेलेल्या माणसाला आज एकदाचं कुणीतरी घरात सापडावं, तसे ते बघत होते.

"मी येतच होतो," ते म्हणाले.

"थांबायला हवं होतं मी," मी म्हणाले.

हे वाक्य बाईचं की पुरुषाचं ते कळत नाही. ते मी निवडून घेतलं नव्हतं, तसंच आलं. काका बराच वेळ मान हलवत राहिले. मग "बरं," म्हणाले, सायकल कडेला घेतली आणि त्या मोकळ्या जागेतून चालवायला लागले. गेटपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मागून जाताना मी चेन, चाकं, काहीच ऐकायचं नाही असं ठरवून मोठ्याने खोकत राहिले.

वॉचमनने लाईट नाय म्हणून सांगितलं. काकांनी विचारलं, "मग उद्या?" असं ते कधी विचारत नसत. वॉचमनने माझ्याकडे पाहिलं आणि उद्याबी नाय म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ते फाट्यावर नव्हते. त्यानंतरही नव्हते. मी त्यांच्या घरी गेले तर सायकल व्हरांड्यात, काका आत खुर्चीत, अंगात साधा बनियन. सुनेला सुटल्यासारखं वाटत होतं. त्यांनी स्वतःच सांगितलं म्हणे, कंपनी बंद झाली. पण जेवण कमी झालं होतं, आंघोळीला उठवावं लागत होतं, दिवसदिवस भिंतीकडे बघत बसायचे. वळणावरचं मी तिला सांगितलं नाही. एका माणसाला इतकी वर्षं सकाळी घराबाहेर काढणारी गोष्ट मी एका वाक्यात संपवली का, हे मला कुणाला विचारताच आलं नाही. वॉचमनला एकदा विचारणार होते, पण तो म्हणाला, बरं झालं, आता खोटं बोलावं लागत नाय, आणि रस्त्याकडे तोंड करून बसला.

उन्हाळ्यात काकांना त्यांची मुलगी कळवणला घेऊन गेली. एका सुट्टीला मी एसटीने तिकडे गेले. ते ओट्यावर बसले होते, हडकलेले, पण चेहरा शांत. मुलीने विचारलं, बाबा, कोण आलंय, ओळखलं का. त्यांनी मला नीट पाहिलं आणि तिला म्हणाले, "हा माझ्याबरोबर कंपनीत होता. याला चहा दे."

मुलगी ओशाळली. मी काही दुरुस्त केलं नाही. आम्ही तिघं चहा प्यालो. त्यांनी मला आईची तब्येत विचारली. बरी आहे, डोळ्यांना आता दिसतं, असं मी सांगितलं. ते ऐकून त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. हात गार होता, उन्हाळ्यातही.

काकांची मुलगी मला तिच्या स्कूटीवर स्टँडला सोडायला आली. बाबा तुम्हाला 'हा' म्हणाले, मनावर घेऊ नका, म्हणाली. कुणाशी गल्लत करतायत कळत नाही, घरात असं कुणी नव्हतंच. तेव्हा मला कळलं की त्यांनी घरी कधीच सांगितलं नव्हतं. ती तेव्हा लहान असेल, आणि आई असती तर तिला माहीत असतं कदाचित, पण आई गेलेली. बस यायला वेळ होता. शेडमध्ये उभं राहून मी तिला फाटा, वळण, जोडीदार, सगळं सांगितलं. धुक्यातलं माझं वाक्यही सांगितलं. ती रडली नाही. बस आली, लोक चढायला लागले, तेव्हा तिने विचारलं, "त्या जोडीदारांच्या घरचं कुणी आहे का हो? कुठे राहायचे ते?"

दारात पेरू होता, एवढंच मला माहीत होतं. मी तेच सांगितलं आणि बसमध्ये चढले.