नानाने स्वतःवर घेतलेलं माझं दुखणं

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात, आमच्या कॉलेजच्या कार्यालयात, प्रवेशअर्जांच्या ढिगात बसलो होतो. "भाऊ, हे गेले... चहा घेतला आणि बसल्या जागी," एवढंच अक्का, नानाची बायको, बोलली. नाना माझा मावसभाऊ, सहा वर्षांनी मोठा. जळगावजवळच्या एका प्रयोगशाळेत केळीची रोपं वाढवण्यात त्याचा जन्म गेला. तेराव्याला जेवायला बसलो, तर शेजारचा माणूस हळूच म्हणाला, "माणूस सोन्यासारखा. पण बिचाऱ्याला ते दुखणं होतं ना... पुरुषाचं." घास माझ्या हातातच राहिला. ते दुखणं नानाला कधीच नव्हतं. ते माझं होतं. आज हे लिहून टाकतो.

पंचेचाळिशीनंतर मधुमेहाने मला गाठलं आणि हळूहळू इंद्रियाला ताठरता येईनाशी झाली. बायकोला, सुनंदाला, हे सांगायची हिंमत नव्हती. मग आषाढात चातुर्मासाचा नेम धरला, जमिनीवर चटई टाकून झोपायचं. कार्तिकी एकादशीला लोकांचे नेम सुटले, माझा सुटला नाही. माझा चातुर्मास दोन वर्षं चालला! शेजारीपाजारी म्हणू लागले, भाऊ परमार्थाला लागले. सुनंदाने आरशापुढे बसणं सोडलं. ते मला दिसत होतं आणि तरीही मी रोज चटई अंथरत होतो.

पहिल्याच वर्षी पौषात नाना घरी आला. कोपऱ्यातली चटई पाहून म्हणाला, "काय महाराज, कार्तिक सरला, तुमचा आषाढ सरत नाही का?" सुनंदा स्वयंपाकघरात होती. मी त्याला अंगणात नेलं आणि सगळं सांगितलं. तो हसला नाही. "जळगावला ये. तिथे तुला कोण ओळखतं?" आपल्याकडची रीतच आहे, असलं दुखणं परगावी दाखवायचं.

पण दवाखान्यात बाकावर बसतो न बसतो तोच समोर आमच्या कॉलेजातल्या एकाचा मेहुणा. जळगावातच स्थायिक झालेला. "भाऊ, तुम्ही इथं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नानाला दाखवायला आणलंय."

नानाने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग त्या माणसाकडे वळून मोठ्याने अहिराणीत म्हणाला, "हां भाऊ, मनाच आजार शे. तुमचं काय?" हा आजार माझाच, असं ऐकून तो गडबडून पेपरात डोकं घालून बसला. आठ दिवसांत गोष्ट नानाच्या प्रयोगशाळेत पोचली. माणसं नानाला वाकडं बोलत आणि तो त्यांच्याबरोबर हसत असे. मी मात्र एकदाही तोंड उघडलं नाही.

त्या दिवशी आत डॉक्टरांनी नीट समजावलं. इंद्रियाच्या आतल्या स्पंजासारख्या ऊतींमध्ये रक्त भरतं आणि भोवतीचं आवरण ते धरून ठेवतं. मधुमेहाने रक्तवाहिन्या आणि नसा बिघडल्या की हे काम अडतं. साखर आवरा, गोळ्या घ्या, त्यांनी भागलं नाही तर पुढचेही उपाय आहेत. मी उठू लागलो तर नानाच विचारतो, "साहेब, आम्ही केळीच्या कोंबाचा एवढासा तुकडा बाटलीत वाढवतो. तशा माणसाच्या या ऊती नाही का वाढवता येणार?" डॉक्टर आधी हसले, मग गंभीर झाले. असं काम जगात चाललंय, म्हणाले. प्रयोगशाळेत घडवलेल्या ऊतींचे प्रयोग प्राण्यांवर झालेत, माणसांच्या उपचारापर्यंत यायला वेळ आहे. बाहेर येताना नाना असा खूश, जणू त्याच्याच खात्याला बढती मिळाली! पुढे तो पेपरातली कात्रणं पाठवायचा आणि कडेला लिहायचा, "अजून सावलीत शे."

त्याचा अर्थ त्याने मला रोपवाटिकेत दाखवला होता. "बाटलीतलं रोप थेट उन्हात नेलं तर मरतं. आधी हिरव्या जाळीखाली ठेवायचं, सवय करायची. विज्ञानाचं तसंच आणि तुझंही तसंच. आधी सुनंदाला सांग." मी हो म्हटलं. सांगितलं नाही. धुळ्यातला मेडिकलवाला ओळखीचा, म्हणून गोळ्यांची चिठ्ठीही पाकिटातच राहिली...

तेराव्याच्या दुपारी अक्कापुढे बसलो आणि कबूल केलं. ती म्हणाली, "मला काय सांगतोस? मला नाही ठाऊक? मी म्हणायचे, लोकांना खरं सांगा. तर हे म्हणायचे, त्याचं तो सांगेल, त्याला वेळ लागतो." मग तिने खिडकीतली काचेची बाटली माझ्या हातात दिली. आत बोटभर हिरवं रोप. "ह्यांनी तुझ्यासाठीच आणून ठेवलं होतं."

परतीच्या बसमध्ये सुनंदा शेजारी आणि बाटली मांडीवर होती. पारोळा मागे पडलं आणि मी सुनंदाला सगळं सांगितलं. ती माझ्याकडे वळली. "एवढंच होतं? मला वाटायचं, मीच नकोशी झाले." मुकटी गाव येईपर्यंत डोळे पुसत होती. मग हात पुढे केला, "चिठ्ठी कुठाय?"

जुनी चिठ्ठी कामाची नव्हती. या वेळी आम्ही धुळ्यातच, ओळखीच्या गावात, दोघं मिळून डॉक्टरांकडे गेलो. साखर आवरतेय, औषध सुरू आहे, आणि पुढच्या उपायांचं आम्ही आता मोकळेपणी बोलतो. ती प्रयोगशाळेतली ऊती माझ्या हयातीत येईल की नाही, माहीत नाही. पण कुणाच्या तरी कामाला येईल, आणि त्याला तोवर चटई अंथरून बसावं लागू नये, एवढं वाटतं.

नानाचं रोप बाटलीतून काढून अंगणात पिशवीत लावलंय. जाळी नव्हती, म्हणून माझी चटईच वर तिरकी बांधली. सुनंदा रोज सकाळी ती वीतभर मागे सरकवते. काल रोपाला नवं पान फुटलं.