हद्दीबाहेरचा दगड

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, देवीपुढेही नाही. तुला सांगतोय — का, ते विचारू नकोस.

बार्शीटाकळीच्या अंगाला आमचं गाव, आणि गावाबाहेर देवीचं राखलेलं रान. तिथली काडीही तोडायची नाही. तोडणाऱ्याला गाव वाळीत टाकतं. तिकडे विलायतेत कापसाचा दुष्काळ पडला, इथे कापसाचे भाव चढले आणि आम्ही माजलो. गायरानंसुद्धा नांगरून कापूस लावला. उरलं ते देवीचं रान — आणि माझा डोळा नेमका त्यावर. कापूस अकोल्याला न्यायचा होता आणि माझ्या गाडीचा आख मोडला होता. सुतारांकडे लाकूड शिल्लक नव्हतं. रानात मात्र तिवसाचं, आखाला हवं तसं चिवट, सरळसोट झाड उभं होतं. एवढी कसली घाई होती मला?

सखारामला, माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला, कुणी येतंय का ते बघत उभं राहायला मी बोलावलं. तो कचरत होता. म्हणाला, "देवीच्या रानात कुऱ्हाड काहून नेता, भाऊ? मले नाई पटत." मी हसलो. "मंग बसा जवाईबापू, बायकोच्या पदराआड." — आला बिचारा. माझ्या त्या टोमण्यापायी आला.

मी झाड तोडत होतो, तो पाठमोरा उभा राहून वाट राखत होता. वाघ त्याच्यावरच आला. आणि मी? कुऱ्हाड टाकली, शेजारच्या झाडावर चढलो. त्यानं मला हाक मारली — हे सगळ्यात वाईट — पुन्हा मारली. मी डोळे मिटून फांदीला चिकटून बसलो.

आरडाओरडा ऐकून माणसं धावून आली, तेव्हा वाघ गेला होता. सखाराम मरून पडला होता, कुऱ्हाड त्याच्या शेजारी. पाटलांनी विचारलं, "कोनाची हाय हे?" मी खाली उतरलो होतो, अंगावर ओरखडाही नव्हता. वाळीत पडलो तर माझा कापूस कोण घेणार — खरंच सांगतो, तेव्हा हेच मनात आलं. मेलेल्याचं काय जाणार आहे, असंही आलं. म्हणालो, "जवायाची. मी त्याईले अडवाले आलतो."

आमच्याकडे वाघानं मारलेल्या माणसाच्या नावाचा दगड त्याचं रक्त सांडलं तिथेच बसवतात. दुसरीकडे बसवला तर त्याचा जीव भटकत राहतो म्हणतात. पण देवीच्या अपराध्याचा दगड रानात नको, असं गावानं ठरवलं. रानाच्या हद्दीबाहेर, बांधाला लागून बसवला. मेल्यावर वाळीत टाकलं त्याला — माझ्या जागी. खड्डा मीच खणला. दगड हलू नये म्हणून मी माती ठोकत होतो आणि लोक म्हणत होते, भाऊ असावा तर असा. ऐकून घेतलं मी. लाज? लाज असती तर तिथेच बोललो नसतो?

भाड्याच्या गाडीनं कापूस नेऊन विकला, नवी गाडी केली, घरावर माडी चढवली. बहीण माझ्याकडेच असते. दरवर्षी आम्ही दोघं दगडाला शेंदूर लावायला जातो. ती आधी रानाकडे तोंड करून नाक घासते, नवऱ्यानं न केलेल्या पापाची माफी मागते. मी शेंदराची वाटी धरून शेजारी उभा असतो.

परवा उठता उठता ती म्हणाली, "दादा, तू तं अडवलं व्हतं त्याईले. त्याईनंच आयकलं नाई."

मी म्हणालो, "हाव."