रत्नागिरीचा रिकामा खण

तिघं जण वर्षभर एकाच टेबलाशी बसले की किस्से साचणारच. आमचे हृदयविकारावर साचले.

ऐंशीच्या दशकात देशात हृदयविकारावर किती संशोधन होतं, ते मोजायचं काम मुंबईच्या एका संस्थेनं रत्नागिरीतल्या आमच्या लायब्ररीला दिलं. जगभरच्या लेखांच्या जाडजूड याद्या एसटीच्या पार्सलनं यायच्या, त्यातले भारतातले वेगळे काढायचे. प्रत्येक लेखाचं एक कार्ड, त्यावर लेखाचा विषय, लेखकाचं नाव नि गाव. लायब्रेरियन अण्णा, टायपिस्ट सुलभाताई आणि क्लार्क मी.

*

कार्डावर डाव्या हाताची कळ आली की सुलभाताई टायपिंग थांबवून हात चोळायच्या. महिन्याभरात आम्हा दोघांना सगळी दुखणी होऊन गेली. अण्णांना काहीच नाही! ते फक्त अधूनमधून छातीवर तळवा ठेवून बसायचे आणि गॅस आहे म्हणायचे. मला ते अजिबात आवडायचं नाही.

*

सुरुवातीला मी नावावरून देश ठरवला. डिसोझा, फर्नांडिस सगळे परदेशी! अण्णांनी गठ्ठा उलगडला.

"मेल्या, माझ्या शेजारच्या डिसोझालापण विलायतेस धाडलास?"

उलट लंडनमधले एक पटवर्धन मी भारतात धरले होते. ज्या गावात काम, त्या गावाचा लेख, हा नियम. पटवर्धनांचं कार्ड काढताना अण्णांचा जीव तुटत होता.

*

कार्डांच्या पेटीत गावागावांचे खण होते. मुंबईचा भरून दुसरा केला. रत्नागिरीचा खण अण्णांनी स्वतः चिठ्ठी लावून केला होता, त्यात एकही कार्ड पडेना. सुलभाताईंनी त्यात टाचण्या ठेवल्या, तर अण्णा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. टाचण्या मात्र तिथेच राहिल्या.

*

पावसाळा सरता सरता अण्णा जिन्यात थांबायला लागले. मी ईसीजी काढायला सांगितलं. मोजणी संपू दे म्हणाले. आत्ता गेलो तर मुंबईला हलवतील आणि काम अर्धवट राहील. मला भीती वाटत होती. कार्डं मोजताना कान त्यांच्या श्वासाकडे असायचा, रोज बेरीज चुकायची.

*

शेवटचं पार्सल फोडताना अण्णा घामाघूम होऊन खाली बसले. रिक्षानं हॉस्पिटलात नेलं.

दुसऱ्या दिवशीही धोका टळल्याचं कुणी सांगत नव्हतं. तरुण डॉक्टर ईसीजीची पट्टी बराच वेळ बघत राहिले. असा प्रकार आपण पुस्तकातही पाहिला नाही, म्हणाले; मुंबईच्या सरांना पाठवतो, ते यावर लेख लिहितील.

हलायची सक्त मनाई असताना अण्णा कोपरावर उठले.

"लेख तुम्ही लिहायचा. हितं बसून."

मग सुलभाताईंकडे वळले.

"त्या टाचण्या काढ गो."