रेंगीतला तांब्या

माझ्या साडूइतका रस्त्याचा वेडा माणूस अख्ख्या चांदा जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि दुसऱ्याच्या रस्त्यावर माझ्याइतका जळलेला माणूसही झाला नसेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आमच्याकडे त्याला साडभाऊ म्हणतात, पण त्यातला भाऊ नुसता म्हणण्यापुरता. बहिणींनी दोन घरी नांदायचं आणि नवऱ्यांनी जन्मभर एकमेकांच्या ताटात डोकावायचं, असं ते नातं. त्याचं गाव चिमूरच्या वाटेवर, माझं त्याच्याही पुढे दोन कोस, जंगलाकडे. चिमूरच्या बाजाराला जायचं तर मला त्याच्या दारावरून जावं लागे, आणि त्याला माझ्या दारावरून कुठेच जायचं नसे. माझा जळफळाट असा भूगोलापासूनच सुरू झाला. पुढे तो त्याच्या गावचा सरपंच झाला, मी माझ्या गावचा झालो, आणि मग तर विचारूच नका.

त्याच्या कमरेला कायम एक सुतळी असे, हाताहातावर गाठी मारलेली. जिथे जाईल तिथे तो वाट मोजायचा. माझ्या लग्नात वरात मारुतीपासून मांडवाकडे निघाली, सनई सुरू, मी बाशिंग बांधून रेंगीत, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या बैलगाडीत, बसलेलो, आणि हा थोरला जावई रेंगीपुढे वाकून सुतळी टाकत चाललेला. मांडवाच्या दारात तो माझ्याशी आयुष्यातलं पहिलं वाक्य बोलला, "साडभाऊ, वडाकडून आले असते ना, साठ हात वाचले असते." माझी सासू डोळ्यांना पदर लावून हसली. नवरदेव मी, आणि मांडवात चर्चा त्याच्या सुतळीची. त्या दिवशी जे पोटात दुखायला लागलं, ते पुढे कोणत्याच काढ्यानं थांबलं नाही.

त्याच्याकडे दोन चंच्या असत. एकीत तंबाखू, दुसरीत मुरूम. कुठल्या टेकडीचा मुरूम कसा, हे तो चिमूटभर ओला करून, बोटांनी दाबून सांगायचा. जनपद सभेच्या एका बैठकीत भाषण ऐकता ऐकता त्याचा हात चुकीच्या चंचीत गेला आणि मुरमाची चिमूट दाढेखाली गेली. दुसरा कोणी असता तर बाहेर पळाला असता. यानं शांतपणे चावून पाहिलं आणि शेजारच्याला म्हणाला, "वांधा नाई. बांध धरते हा." त्याच बैठकीत मी मांडलेल्या ठरावाचं पुढे आठवडाभर कोणी नाव काढलं नाही, मुरमाचीच गोष्ट चालली.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे त्याचा तांब्या. रस्त्याचा एखादा तुकडा तयार झाला की हा घरचा पितळी तांब्या काठोकाठ भरायचा, रेंगीत स्वतःच्या मागे, बसायच्या जागी ठेवायचा आणि बैल हाकायचा. पाणी सांडलं की जागच्या जागी रेंगी थांबवून खाली उतरायचा, तिथे काठी रोवायचा आणि तेवढा तुकडा पुन्हा ठोकून घ्यायचा. दिल्लीच्या इंजिनिअराला जी युक्ती सुचली नाही ती माझ्या साडूला सुचली, असं मी बाजारात सांगायचो. लोक हसायचे, मी जास्त हसायचो.

दिल्लीचं म्हणाल तर दिल्लीशी त्याचा घरोबाच होता. आमच्या भागात सरकारनं विकासाचा नवा ब्लॉक उघडला होता आणि गावोगावच्या रस्त्यांना वरून पैसा येणार अशी हवा होती. बाकीचे सरपंच ब्लॉकाच्या कचेरीत चपला झिजवत, यानं मास्तराकडून अर्ज लिहवून घेऊन सरळ दिल्लीला टाकला. दोन महिन्यांनी छापील पोच आली, 'आपला अर्ज मिळाला' एवढ्याच मजकुराची. ती त्यानं काचेत बसवून देवाशेजारी टांगली. मीही गुपचूप एक अर्ज पाठवला, त्याच्यापेक्षा लांब, चांगल्या कागदावर. त्याला पोचही आली नाही. सहा महिने मी पोस्टमनला चहा पाजला, शेवटी तो बिचारा माझं घर टाळून मागच्या बोळातून जायला लागला.

वरच्या पैशाबद्दल साडूचं एक शास्त्र होतं. तो म्हणायचा, "साडभाऊ, दिल्लीचा पैसा म्हंजे तलावाचं पानी. दिल्लीचा तलाव, तिथून नागपूरच्या तलावात, तिथून चांद्याले, मंग आपल्या ब्लॉकात. पाट सुटते तवा ज्याच्या बांधीचं तोंड उघडं, त्याच्या बांधीत पानी. तोंड बुजवून बसला, त्याचा धान वाळला." बांधी म्हणजे धानाचं खाचर; धानाच्या मुलखात हे कोणालाही पटावं. मलाही पटलं, फक्त त्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

मग ब्लॉकाचे साहेब पाहणीला यायचे ठरले. त्यांचा मुक्काम जंगलातल्या बंगल्यावर, म्हणून सकाळी जंगलाच्या बाजूनं माझं गाव, दुपारी फेरा घेऊन चिमूरकडून त्याचं. ज्या गावचा रस्ता साहेब मंजूर करतील तिथे अर्धा खर्च सरकारचा, अर्धा गावाच्या श्रमदानाचा. मी ठरवलं, या खेपेला साडूला पाणी पाजायचं. पाहुणा यायचा तर घर झाडायचं, ही आपली रीत. मी तीन दिवस अख्खं गाव कामाला लावलं. चाकोऱ्या बुजवल्या, नाल्यात दगड टाकून जीपपुरता रपटा केला, बायांनी सडा घातला, आंब्याच्या डहाळ्यांच्या कमानी उभारल्या. साहेबांची जीप कशी लोण्यातून सुरी गेल्यासारखी आली. चिन्नोराचा भात आणि तलावातला मासा जेवून साहेब खूष झाले. जाताना वहीत लिहून गेले की या गावची वाट उत्तम आहे, इथे तूर्त खर्चाची गरज नाही.

दुपारी साडूच्या गावी ना कमान ना सडा. त्यानं एक ढेकूळ हलवलं नव्हतं. जीप नाल्यापाशीच थांबली. यानं साहेबांना रेंगीत बसवलं, खाली धानाच्या पेंढ्याची तणसही घातली नाही, आणि नाल्यातून गावात आणलं. वाटेत साहेबांची हॅट नाल्यात गेली, डोकं दोनदा खुंट्यावर आपटलं. साहेब खाली उतरून कंबर धरून उभे राहिले तेव्हा साडू हात जोडून एवढंच म्हणाला, "साहेब, आमच्या बाया बाळंतपनाले याच वाटेनं जातेत." त्याचा रस्ता तिथल्या तिथे मंजूर झाला. आमच्या गावानं सरकारचा पाहुणचार केला आणि ते आपल्याच बांधीचं तोंड बुजवून बसलं. मी ती कमान स्वतःच्या हातानं उपटली.

पुढचं वर्ष मी कसं काढलं ते माझं मला ठाऊक. त्याच्या गावचं श्रमदान म्हणजे जत्रा. शंभर हात रस्ता झाला की रात्री दंडारीचा नाचगाण्याचा खेळ, असं त्यानं जाहीर केलं होतं, आणि आमच्याकडचा माणूस दंडारीसाठी डोंगर फोडील. आमच्याच गावचे लोक खेळ पाहायला जाऊन दोन टोपल्या मुरूम टाकून यायचे. दिवाळीनंतर त्याच्या गावात मोटर आली. हा रोज पिंपळाखाली उभा राहून मोटरीला रामराम करायचा. ड्रायव्हर त्याला ओळखायला लागला. मला तिकिटाचे पैसे देऊनही कोणी ओळखत नव्हतं.

आणि घरी बायको. ताट वाढता वाढता म्हणायची, "भाऊजीच्या गावाले मोटर येते. आपल्या गावाले काऊन नाई येत?" मी म्हणायचो, "भाऊजीले विचार." एकदा तिनं भाकर ताटात जरा जोरातच टाकली आणि म्हणाली, "मोटर घाला चुलीत. बाई येत नाई तीन वर्सं झाले, ते तरी दिसते काय तुमाले?" बाई म्हणजे तिची थोरली बहीण, साडूची बायको. आईबाप गेल्यावर दोघींना माहेर उरलं नव्हतं, तेव्हा बाई माझ्याच घराला माहेर मानून दर वर्षी आठ दिवस राहायला यायची. मग एकदा ती विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली आणि तिच्या कमरेनं जे धरलं ते सुटलंच नाही. चालवत नव्हतं, आणि गाडीचा एक हादरा बसला की डोळ्यांपुढे अंधारी. माझी बायको जमेल तेव्हा पायी जाऊन भेटून यायची. ते मला दिसत होतं, पण खरं सांगतो, त्या दिवसांत मला त्याच्या मोटरीपलीकडे काहीच दिसत नव्हतं.

अशा वेळी एका सकाळी साडू माझ्या ओसरीवर आला. सुतळी कमरेला, चेहरा फुललेला. म्हणाला, "साडभाऊ, तुमच्या गावापोतरचा तुकडा मंजूर करून आनला. दोनी गावानं खणाचं, मी इकडून येतो, तुमी तिकडून या. मार्चच्या आत झालं पायजे, नाई तं पैसा वापस जाते." मी आनंदानं उठून बसायला हवं होतं. मी काय केलं? माझ्या गावचा रस्ता, आणि मंजूर करून आणणारा तो! उद्या मोटर आली की लोक म्हणणार, साडूनं आणली. मी सुपारी कातरत म्हणालो, "सध्या धानाची चुरणी सुरू हाये. लोकं रिकामे नाईत." चुरणी, म्हणजे मळणी, केव्हाच आटोपली होती. माझ्या अंगणातलं रिकामं खळं त्याला दिसत होतं. त्यानं सुतळी कमरेला नीट खोचली आणि उठला.

तो त्याच्या बाजूनं एकटा गाव घेऊन खणत राहिला. आमच्या हद्दीच्या आंब्यापर्यंत त्याचा रस्ता आला आणि थांबला, कारण पुढे आम्ही फावडं उचललं नव्हतं. पंचांनी मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "त्याच्या नावासाठी आपन मुरूम वाहाचा काय?" मार्च संपला. उरलेला पैसा ज्या पाटानं आला होता त्याच पाटानं दिल्लीला परत गेला. साडू मला बाजारात भेटला. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. तो तंबाखू मळत म्हणाला, "पैशाचं काय साडभाऊ, पैसा वापस येते," आणि निघून गेला. मला वाटलं, जिंकलो.

पुढच्या साली त्यानं पहिल्यापासून सगळे अर्ज पुन्हा केले आणि तुकडा पुन्हा मंजूर करून आणला. या वेळी तो माझ्या ओसरीवर आलाच नाही. माझ्या बायकोनं घमेलं उचललं, मला न विचारता शिवेवर गेली आणि खणायला लागली. तिच्यामागे गावातल्या बाया गेल्या, बायांमागे बाप्ये गेले, आणि शेवटी सरपंचाला जावंच लागलं. शिवेच्या पलीकडून तो त्याचा तांब्या ठेवून रेंगी हाकत यायचा, उतरायचा, काठी रोवायचा. मी घाम पुसत ओरडलो, "ओ साडभाऊ, तांब्याले मोटरीनं न्या आता!" लोक हसले. तोही हसला.

रस्ता झाला. मोटर सुरू व्हायच्या आधीच एका सकाळी त्याची रेंगी माझ्या दारात उभी राहिली. तणशीवर गोधडी, गोधडीवर बाई. बायको धावत गेली, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी तांब्या शोधत होतो. आज पाणी सांडलं की नाही, हे विचारून टोमणा मारायचा बेत होता. मी विचारलंही. बाई हसून म्हणाली, "आज तांब्या कायले? तो माह्या जाग्यावर ठेवत होते ना. पानी नाई सांडलं तं मले हादरा नाई बसत, असा त्याईचा हिशेब." साडू बैल सोडत होता. त्यानं मान वर केली नाही.

मी पुढे होऊन दुसरा बैल सोडला.

त्यानंतर बाई तीन वर्षं आली. दर वर्षी आठ दिवस. दोघी ओसरीवर बसून धान निवडायच्या, आईच्या गोष्टी काढायच्या, आणि साडू चौथ्या दिवसापासूनच रस्ता पाहायच्या निमित्तानं घिरट्या घालायचा. चौथ्या वर्षी ती आली नाही, यायला ती उरलीच नव्हती. तीन वर्षं मिळाली. चार मिळाली असती. त्या एका वर्षी माझ्या गावात चुरणी सुरू होती.

त्यानं हे आजवर एकदाही काढलेलं नाही. माझ्या बायकोजवळ नाही, लोकांत नाही, माझ्याजवळ तर नाहीच. त्याच्या जागी मी असतो तर दर दिवाळीला बोललो असतो. त्याचा रस्ता, मोटर, काचेतली ती दिल्लीची पोच, यांचा हेवा आता ओसरला. या न बोलण्याचा मात्र जात नाही.

परवा तो आला होता. मोटर सोडून अजून रेंगीनंच येतो, मागे तांब्या ठेवून. उतरला आणि तांब्या माझ्यापुढे धरला. बोटभर पाणी कमी होतं. म्हणाला, "आंब्याच्या या बाजूले खड्डा पडला, साडभाऊ. तुमच्या हद्दीत सांडते." मी म्हणालो, पाहतो. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे, कोणाला न सांगता, मी टोपलीभर मुरूम आणि धुमस घेऊन आंब्यापाशी गेलो. मुरूम ओला केला, खड्ड्यात घातला, ठोकून ठोकून सपाट केला. मग घरी येऊन बायकोला म्हणालो, आपला तांब्या भरून दे, काठोकाठ.