चौथ्या दिवशीची नोंद

खात्री करून घेण्याची खोड माझ्या पाचवीलाच पुजलेली आहे. लोणावळ्याच्या शाळेत मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. "पुरावा दाखव, मग बोल," हे मुलांना इतक्या वेळा सांगितलं की निवृत्त झाल्यावरही ते तोंडातून जाईना. या खोडीपायी मी अनेकदा तोंडावर पडले आहे, पण तिची भीती वाटावी असं काही त्या दिवाळीपर्यंत घडलं नव्हतं.

धाकटे काका गेले. काकू आधीच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. आंदर मावळातल्या गावचं त्यांचं भातखाचर आता माझ्या वडिलांच्या नावावर यायचं होतं. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. वय चौऱ्याऐंशी, रेल्वेतून निवृत्त, माझ्याकडेच राहतात. तलाठी म्हणाले, "वंशावळ लिहून प्रतिज्ञापत्र करा, शाळेचा दाखला जोडा. तेवढ्यावर होईल." दाखला घरातच होता. त्यावर आजोबांचं नाव होतं. जन्मतारीख अर्थातच पहिली जून, कारण गुरुजींनी अर्ध्या गावाला तीच वाटली होती. दुसरी कुणी असती तर दाखला जोडून मोकळी झाली असती.

मी वडगावच्या कचेरीत गेले. पूर्वी गावात कोण जन्मलं, कोण वारलं याची खबर कोतवाल देई आणि ती एका वहीत लिहिली जाई. त्या वह्या अजून तिथं आहेत. त्यातली आबांच्या जन्माची नोंदही जोडावी, म्हणजे भाऊकीतल्या कुणाला बोट ठेवायला जागा राहणार नाही, असा माझा विचार. आमच्या घरच्या नोंदी असलेल्या पानांच्या नकला मिळाल्या. लिपी मोडी, म्हणून त्या मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांपुढे ठेवल्या. त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे तुमचे कोण?"

"वडील."

"असं कसं होईल? तुमच्या आजोबांच्या घरी मुलगा झालाय खरा. पण चौथ्या दिवशी तो वारल्याची नोंद आहे."

मी म्हटलं, आधीच्या भावंडांपैकी असेल. आजीची पहिली तीन मुलं बाळंतिणीच्या खोलीतच गेली आणि आबा हे जगलेलं पहिलं मूल, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या तिघांच्या नोंदी वेगळ्या निघाल्या. हा चौथा होता. त्यानंतर थेट काकांचा जन्म, तीन वर्षांनी. मध्ये आबा कुठंच नव्हते.

गृहस्थांनी त्याच पानावर खाली बोट ठेवलं. आमचं मूल वारलं त्याला चार दिवस होतात न होतात तोच त्याच गावात दुसऱ्या एका घरी मुलगा जन्मल्याचं लिहिलं होतं. ते घर मला माहीत होतं. दर भाऊबीजेला आबा त्याच घरी जातात. तिथल्या म्हातारीला आम्ही आत्या म्हणतो. आबांची मानलेली बहीण, असंच लहानपणापासून ऐकलेलं.

जिना उतरता उतरता मी हिशेब मांडला. घरच्या गोष्टीप्रमाणे आबा आमचे होते. कागदाप्रमाणे आमचा मुलगा मेला होता, आणि मानलेल्या बहिणीच्या घरी एक मुलगा जन्मला होता. मानलेली की सख्खी?

घरी आबा मेथी निवडत बसले होते. "सापडलं का गं?"

"साहेब जागेवर नव्हते," मी ठोकून दिलं. आबांशी मी आजवर कधी खोटं बोलले नव्हते. नकला जुन्या प्रयोगवहीत सारून कपाटाला कुलूप लावलं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. ताटावर बसलेल्या आबांचे कान मी चोरून बघायची आणि ते काकांच्या फोटोतल्या कानांशी ताडून पाहायची. नाक जुळायचं, हनुवटी जुळायची नाही. चौऱ्याऐंशी वर्षं ज्यांना आई-बाप म्हटलं ते आपले नव्हतेच, हे या माणसाला सांगायची वेळ माझ्यावर येणार आणि तीही माझ्याच उद्योगापायी, हा विचार डोक्यातून जाईना. शेत गेलं असतं तर एक वेळ चाललं असतं. आबा हे सोसतील की नाही, याची मला धास्ती होती.

शेवटी आबांना न सांगता आत्याकडे गेले. फाट्यावर एसटीनं सोडलं, पुढं तासभर पायी. भात झोडून झालं होतं, खळ्यांवर पेंढा पडला होता. आत्या ओट्यावर उन्हात बसून वाल सोलत होत्या. वाटेत घोकलेलं सगळं विसरले आणि एकदम विचारलं, "आत्या, आबा तुमचे कोण?"

त्यांनी वालाचं सूप बाजूला सारलं. "कागुद बगितलास व्हय? तुजा आजा म्हनायचा, कवातरी कुनीतरी बगनार."

मग त्यांनी आपल्या आईकडून ऐकलेलं सांगितलं. "तुज्या आजीची तीन गेली. पाचवीला सटवाई येती, कपाळावर लिवती आन् लिवलेलं घिऊन जाती, असं समद्यांचं म्हननं. मंग चवथ्याचं काय केलं, चवथ्याच दिशी रडारड केली, पोर गेलं म्हनून गावाला सांगितलं, कोतवालाला बी सांगितलं. आन् पोराला पाटीत घालून उकिरड्याव ठिवलं. माज्या आयनं उचलून घरी आनलं. पाचवीला सटवाई तुमच्या घरी गेली, तर तितं पोरच न्हाई. ती गेल्याव माज्या बापानं कोतवालाला सांगितलं, आमाला मुलगा झाला म्हनून."

"सरकारलाही फसवलं?"

"तर! सरकारी वहीत लिवलेलं सटवाईला बी खरं वाटंल, असं म्हनं तुजा आजा म्हनला."

"मग परत कधी आणलं?"

"दूध माज्या आयनं पाजलं. माजं न् त्याचं दूध एकच. मी त्याच्याहून पाच म्हयन्यांनी मोटी. चालाय लागल्याव गेला त्यो तुमच्या घरी. पन सूपभर तांदूळ दिऊन उकिरड्यावरचं पोर इकत घ्यायचं असतंय, ते तुज्या आजीनं मरस्तवर केलं न्हाई. लय भ्यायची ती. इकत घेतलं तर कळंल ना, पोर कुनाचं ते."

मी निघाले ती उतारावरून जवळजवळ धावतच. पण पाय गावाबाहेर पडतात न पडतात तोच डोक्यातली विज्ञानाची बाई जागी झाली. दुसऱ्याचं पोर पदरात घेतलेलं झाकायचं असतं, तरीही हीच गोष्ट सांगितली गेली असती! आमचं खरंच गेलं असेल आणि त्यांनी आपलं दिलं असेल, तर? गोष्टीनं कागद खोटा ठरत नाही. कागद लागतो.

तो कागद आत्यांनी बोलता बोलता हातात ठेवलाच होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा वडगाव. त्याच वहीत पाच महिने मागची पानं काढायला लावली. त्या घरी मुलगी. म्हणजे आत्या. ज्या बाईला पाच महिन्यांपूर्वी मुलगी झाली तिला पाच महिन्यांनी पूर्ण दिवसांचा मुलगा होत नाही, हे सांगायला विज्ञानाची बाईही लागत नाही. मी कचेरीच्या आवारात सर्वांदेखत रडले.

"खुलासा झाला ना?" कारकून म्हणाले. "मग मृत्यूची नोंद चुकीची आहे, असा अर्ज द्या. आत्याबाईंचा जबाब जोडा. करू दुरुस्ती."

अर्ज तिथंच भरला. फक्त सही राहिली. सहीच्या जागेवर पेन टेकवलं आणि तेव्हा पहिल्यांदा मला वेगळीच भीती वाटली. आबा नीट सापडले होते. आता मी ते सगळ्यांना लेखी कळवणार होते, सटवाईलाही.

अर्ज घडी करून पर्समध्ये टाकला. "उद्या देते," म्हणाले.

त्या संध्याकाळी आबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला ठाऊक होतं गं. तू शोधायला लागलीस तेव्हापासून मीच भ्यालो होतो. म्हटलं, ही अर्धंच वाचून थांबली तर मला परकं समजायची." मग जरा हसले. "ती भाऊबीजेला ओवाळते, तेव्हा बघितलंस कधी? कुंकू हाताच्या तळव्याला लावते. कपाळाला कधी बोट लावलं नाही. म्हणते, सटवाईच्या नजरेत कशाला आणा."

बघितलं होतं. लहानपणापासून बघत होते. त्यांच्याकडची रीत असेल, असं वाटायचं.

शेत दाखल्यावरच नावावर झालं, तलाठी म्हणाले होते तसं. दुरुस्तीचा अर्ज प्रयोगवहीत आहे. कुणी विचारलं तर देणार आहे म्हणते.

पण या सगळ्यात आबांची खरी जन्मतारीख मात्र सापडली. ती आली तेव्हा मी शिरा केला, पाट मांडला, निरांजन लावलं. आबा नवा सदरा घालून लहान मुलासारखे बसले होते. बोटावर कुंकू घेतलं आणि कपाळापाशी नेलं. सुरकुत्या सोडल्या तर ते कपाळ कोरं होतं. माझा हात पुढं जाईना.

"लाव की," आबा म्हणाले.

मी त्यांचा तळवा उघडला आणि त्यावर लावलं.