पाळण्याचा वास

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही — पण सांगते.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. तेही जुन्या वस्तूंचं जतन शिकायला. तारोडीच्या माझ्या आत्याला याचं काय कौतुक! मासळी विकतानासुद्धा गिऱ्हाइकांना सांगायची, "आमची पोर लाकडाची डाक्टर हाय."

मग तिला नात झाली, आणि तिने माळ्यावरचा पाळणा माझ्यापुढे ठेवला. आजोबांनी होडीच्या उरलेल्या लाकडातून केलेला. आमच्याकडचं प्रत्येक मूल त्यात झोपलंय — मीसुद्धा. तळाची फळी किड्यांनी पोखरली होती. बोट दाबलं की पीठ.

काय करायचं ते मला ठाऊक होतं. पातळ द्रावण लावायचं — लाकूड ते हळूहळू पितं. वाळू द्यायचं, पुन्हा पाजायचं. चुकलंच, तर पुढे काढताही येतं. पण बारसं जवळ आलं होतं. आत्या शेजारी बसून बघत होती, आणि पातळ द्रावणाने काही झाल्यासारखं दिसतच नव्हतं. तिला काहीतरी दिसावं, असं मला वाटलं — मी घट्ट राळ लावली. सकाळी फळी दगडासारखी, वर चमक. आत्याने टिचकी मारून पाहिली आणि माझ्यावरून कडाकडा बोटं मोडली.

बारशाच्या आदल्या दिवशी मी फळी खालून चाचपली. अंगठा सरळ आत गेला. राळ वरच्या वर बसली होती, आत सगळा भुसा. आणि ती राळ आता निघणारही नव्हती. किड्यांनी नाही — पाळणा मी घालवला होता.

तेव्हाच खरं बोलायला काय झालं होतं? मी म्हणाले, "आत्या, औषधाचा वास बाळाला बाधेल. यात नको घालूस."

आत्याचे डोळे भरले. "बघा, केवढा इचार करते!" — बारशाला आलेल्या प्रत्येक बाईला तिने सांगितलं. बाळ शेजारणीच्या पाळण्यात झोपलं. मी घुगऱ्या खाल्ल्या.

पाळणा अजून तिच्या पडवीत टांगलेला आहे. ती तो पुसते, खाली सांडलेली भुकटी झाडते. आता दुसरं नातवंड येणार आहे. परवा गेले, तर ताटात सुरमईचा मधला तुकडा वाढता वाढता तिने विचारलं, "आता तरी वास गेला असंल, न्हाय गं?"

"अजून नाही, आत्या."

वास पहिल्याच महिन्यात गेला होता.